चामड्याची बॅग घ्यायची तर आधी शिवण बघा: गोव्यात राहून नीट खरेदी करायची कशी

चवथीला माहेरी जायचे म्हणून कपाटातून बॅग काढली आणि तिचा वरचा थर पापडासारखा हाताला लागून आला. दोन वर्षांपूर्वी किनारपट्टीवरच्या एका दुकानातून घेतलेली बॅग. ‘अस्सल चामडे’ म्हणून साडेतीन हजार मोजले होते. म्हापशाच्या बाजारात चपला दुरुस्त करणाऱ्या मामांकडे ती नेली. त्यांनी बॅग उलटी केली, रापीच्या टोकाने अस्तराचे दोन टाके उसवले, आत बोट घातले आणि म्हणाले, “बाई, हे चामडे नव्हे. कापडावर रंगाचा थर आहे. याला मी टाका मारला की भोकच मोठे होत जाणार.”

मग त्यांनी आपली हत्यारांची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हशीच्या जाड कातड्याची, वडिलांनी शिवलेली. कडा हाताळून हाताळून चिंचोक्यासारख्या तकतकीत झालेल्या, पट्टा दोनदा बदललेला, पण मूळ शिवण जशीच्या तशी. त्या दिवसापासून मी बॅग बघायची पद्धत बदलली. आधी शिवण बघते, मग कड, मग ती शिवणारा कोण ते विचारते. रंग आणि फॅशन त्यानंतर. गेल्या काही वर्षांत मैत्रिणींसाठी, बहिणीच्या लग्नासाठी, ऑफिसातल्यांसाठी अशा बऱ्याच बॅगा मी निवडून दिल्या, तेव्हा जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

पहिले काम घरी बसून करा

बॅगेत रोज काय जाणार हे आधी ठरवा. दुकानात सुंदर बॅगेपुढे उभे राहिले की हा हिशेब डोक्यातून जातो. स्कूटरवरून जाणाऱ्यांना अंगावरून तिरकी घेता येणारी स्लिंग सोयीची. कदंबाच्या बसमधून उभ्याने पणजी गाठणाऱ्यांनी वर चेन असलेलीच घ्यावी. नुसते चुंबकी बटण गर्दीत भरवशाचे नाही. लॅपटॉप नेणार असाल तर पट्टा चार सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको, नाहीतर खांदा कापतो.

वजनाचा विचार फार जण करत नाहीत. म्हशीचे दोन मिलिमीटर जाडीचे चामडे दिसायला रुबाबदार असते, पण मोठी टोट बॅग त्याची केली तर रिकामीच सव्वा-दीड किलोची होते. शेळीचे चामडे एक मिलिमीटरच्या आसपास असले तरी चिवट असते आणि हलके असते. बायकांच्या रोजच्या बॅगेला मी तेच सुचवते. दुकानात जाताना आपले सामान, पाण्याची बाटली, डबा, छत्री, बरोबर न्या. बॅगेत भरा आणि पाच मिनिटे खांद्यावर घेऊन फिरा. कुठलाही सच्चा विक्रेता याला नाही म्हणत नाही.

चामडे ओळखायचे कसे

लेबलावरच्या शब्दांनी फसू नका. ‘जेन्युइन लेदर’ हा दर्जाचा शिक्का नाही. त्याचा अर्थ एवढाच की आत कुठेतरी कातडे आहे. कातड्याचा सर्वांत वरचा, केसांच्या बाजूचा थर न घासता ठेवला तर ते फुल ग्रेन. त्यात रंध्रे, जुन्या ओरखड्यांच्या खुणा, मानेकडच्या सुरकुत्या दिसतात आणि तेच सर्वांत टिकाऊ. पृष्ठभाग थोडा घासून एकसारखा केला तर टॉप ग्रेन. खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा मुलामा दिला तर ते स्प्लिट. आणि चामड्याचा भुगा डिंकाने थापून पत्रा केला तर बाँडेड लेदर. शेवटचे दोन आपल्या हवेत टिकत नाहीत.

माझी जी बॅग सोलली ती यांपैकी काहीच नव्हती. ते पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक होते. हवेतल्या ओलाव्याने या थराची रासायनिक साखळी तुटत जाते, बॅग वापरा की कपाटात ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात हे झपाट्याने होते. म्हणून इथे राहणाऱ्याने नकली चामडे ‘स्वस्त आहे, चालेल’ म्हणून घेणे म्हणजे दोन वर्षांसाठी भाड्याने घेण्यासारखे आहे.

दुकानात उभ्याउभ्या करण्यासारख्या तपासण्या अशा. बॅगेच्या आत, खिशाच्या तोंडाशी किंवा पट्ट्याच्या टोकाशी कापलेली कड शोधा. खरे चामडे असेल तर कडेला बारीक तंतूंचा लोकरीसारखा गुंता दिसतो. नकली असेल तर विणलेले कापड आणि त्यावर रंगाची सपाट रेघ. ही कड सगळीकडून रंगाने झाकलेली असेल तर विक्रेत्याकडे त्याच चामड्याचा तुकडा मागा. कारागिराकडे असे तुकडे ढिगाने पडलेले असतात. नुसता व्यापार करणाऱ्याकडे नसतात. मग अंगठ्याने पृष्ठभाग दाबून बघा. खऱ्या चामड्यावर दाबाभोवती बारीक सुरकुत्या उमटतात आणि त्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. काडी लावून जाळून बघायची तपासणी फक्त तुकड्यावर, तीही घरी: चामड्याला केस जळल्याचा वास येतो, प्लास्टिक वितळून थेंब होतो.

एक तपासणी खास आपल्या हवेसाठी. पांढरा रुमाल थोडा ओला करून पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर एप्रिल-मे महिन्यांत घामाने तो रंग तुमच्या पांढऱ्या ड्रेसवर उतरणार. माझ्या एका मैत्रिणीची सुंदर तांबडी बॅग याच एका कारणाने घरी पडून आहे.

कमावणी: झाडाची साल की क्रोम

कच्चे कातडे कुजते. ते कुजू नये म्हणून कमावावे लागते. जगातले बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेले असते, कारण ते काम दिवसा-दोन दिवसांत होते. झाडाच्या सालीने कमावायला आठवडे लागतात.

सालीची पद्धत आपल्या शेजारच्या मुलखाची जुनी ओळख. कोल्हापूर भागात कातडे पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरत आणि ती पिशवी टांगून ठेवत. पाणी झिरपत राही, ते पुन्हा वरून ओतत. सालीतले टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारा तुरट अंश, आतून बाहेर असे मुरत जाई. तमिळनाडूत याच कामाला तरवडाची साल वापरत. तोच तरवड, ज्याची पिवळी फुले आपण माळावर बघतो.

सालीने कमावलेले चामडे ओळखता येते. वास मातकट, लाकडासारखा. कापलेली कड आतपर्यंत तपकिरी. न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला जातो आणि डाग गडद होतो. क्रोमचे चामडे मऊ, रंग चमकदार, आणि रंग आतपर्यंत गेला नसेल तर कडेला मधोमध निळसर करडी रेघ दिसते.

‘क्रोम म्हणजे विष आणि साल म्हणजे पुण्य’ असे मात्र मी म्हणणार नाही. क्रोमियमचे जे रूप कमावणीत वापरतात ते त्रिसंयुजी. धोकादायक ते षट्संयुजी, जे कमावणी हलगर्जीपणाने केली तर तयार होऊ शकते. युरोपात २०१५पासून अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत ते किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. खरा प्रश्न सांडपाण्याचा असतो. तमिळनाडूतल्या कारखान्यांनी जमीन आणि पाणी नासवले म्हणून वेल्लोरच्या नागरिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६मध्ये ‘प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व न्यायालयाने आपल्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. सालीच्या कमावणीलाही पाणी भरपूर लागते आणि ते तसेच ओढ्यात सोडले तर ओढा मरतोच. म्हणून ‘सालीचे आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. चामडे कुठल्या गावाहून, कुठल्या टॅनरीतून (कातडे कमावायच्या कारखान्यातून) येते ते विचारा. गोव्यात शिवले जाणारे चामडे बहुतेक बाहेरूनच येते, कानपूर, कोलकाता, चेन्नईकडचा पट्टा, कोल्हापूर. ज्याला आपल्या मालाचे गाव माहीत आहे तो पटकन सांगतो. मोठ्या टॅनऱ्यांना ‘लेदर वर्किंग ग्रुप’ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था पर्यावरणाच्या निकषांवर सुवर्ण, रौप्य, कांस्य असे दर्जे देते. तो दर्जा टॅनरीचा असतो. बॅग शिवणाऱ्याला काय मिळाले हे तो सांगत नाही.

शिवण वाचायला शिका

सगळ्या लेखातले हे एक जमले तरी पुरे.

यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एक टाका तुटला की शेजारचे सैल पडतात आणि शिवण धावत सुटते. हाताच्या शिवणीत एकच मेणवलेला दोरा आणि दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी उरलेले आपापल्या जागी घट्ट राहतात.

मी एकदा दुपारभर बसून हे बघितले आहे. कारागिराने चामड्याचे दोन तुकडे गुडघ्यांमध्ये धरलेल्या लाकडी चिमट्यात अडकवले. आरीने भोक पाडले, डावी सुई घातली, त्याच भोकातून समोरून उजवी सुई आली, मग दोन्ही हात एकदम बाहेर ओढले. दोरा ओढल्याचा ‘सर्र’ असा आवाज, आणि टाका बसला. लगेच पुढचे भोक. इंचाला सात टाके. एका मध्यम स्लिंग बॅगेत सुमारे शंभर इंच शिवण, म्हणजे सातशे टाके, आणि प्रत्येक टाक्याला हात दोनदा फिरणार. दोरा शिवणीच्या जवळपास चौपट लागतो. तासाभराने त्यांनी बोटांची पेरे मोडली तेव्हा करंगळीखाली दोऱ्याने पडलेला घट्टा मला दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा, पिवळट.

हाताची शिवण ओळखायची खूण: टाके किंचित तिरके असतात आणि बॅगेच्या आतून-बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. यंत्राचे टाके सरळ रेघेत असतात. यंत्राची शिवण म्हणजे वाईट असे मुळीच नाही. चांगल्या कार्यशाळांत लांब शिवणी यंत्रावर आणि ताण येणाऱ्या जागा हातावर घालतात, आणि ते मला रास्त वाटते. पण विक्रेता ‘पूर्ण हाताने’ म्हणत असेल आणि शिवण यंत्राची दिसत असेल, तर पुढच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला जागा राहत नाही.

पट्टा जिथे बॅगेला जोडतो तिथे सगळे वजन येते. तिथे चामडे दुहेरी आहे का, चौकोनी किंवा फुलीची शिवण आहे का, रिव्हेट मारले असेल तर ते डगमगते का, बघा. मग कड. चांगली कड घासून, पाणी व मेण लावून, लाकडाने रगडून गुळगुळीत केलेली असते, किंवा कडेचा रंग दोन-तीन हातांनी पातळ थर देऊन लावलेला असतो. नखाने हलके खरवडा. पोपडा निघाला तर घाईचे काम.

धातू आणि खारी हवा

खिशात छोटा चुंबक घेऊन जा. फ्रिजवर लावतो तो चालतो. बक्कल, कडी, चेनचा ओढा यांना लावा. भरीव पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. समुद्राजवळ राहत असाल तर असा मुलामा पहिल्याच वर्षी फोड धरतो, गंज उतरतो आणि चामड्यावर काळा डाग पडतो, जो निघत नाही. सालीच्या चामड्यातल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन हा काळेपणा येतो. पितळ काळवंडले तर मऊ सुती कापडाने पुसा. भांडी घासायची पावडर बॅगेच्या बक्कलला लावू नका. ती चामड्यात शिरते आणि पांढरी होऊन बसते.

गोव्यात कुठे बघायचे

हणजूणचा बुधवारचा बाजार आणि हडफड्याचा शनिवार-रात्रीचा बाजार हे पर्यटनाच्या हंगामातले, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तिथे राजस्थान, काश्मीर, कर्नाटकातून आलेले विक्रेते असतात, आणि काही जण खरोखर स्वतः शिवणारे असतात. ओळखायचे कसे? ज्याच्याजवळ आरी, दोरा आणि अर्धी झालेली वस्तू आहे, त्याच्याशी बोला. ज्याच्याकडे एकाच नमुन्याच्या चाळीस बॅगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून टांगल्या आहेत तो व्यापारी आहे. व्यापार करणे हा काही गुन्हा नव्हे, पण कारागिराचे मोल द्यायचे तर ते तिथे पोचेल याची खात्री नाही.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बॅगा घेण्यापेक्षा दुरुस्ती करणारे हात शोधायला उत्तम. मडगाव, फोंडा, डिचोली, कुठल्याही गावात बसस्टँडजवळ किंवा बाजाराच्या तोंडाशी असे एक-दोन जण असतात. त्यांच्यापैकी कित्येकांना बॅग शिवता येते, फक्त कुणी विचारत नाही. माझ्या रोजच्या बॅगेचा पट्टा अशाच एका माणसाने केला आहे.

पणजीत कांपालच्या दर्यासंगमावर हिवाळ्यात भरणारा लोकोत्सव मी चुकवत नाही. तिथे निरनिराळ्या राज्यांतले हस्तकारागीर माल घेऊन स्वतः बसलेले असतात. पहिल्या दिवशी नुसते फिरा, बोला, कार्ड घ्या. दुसऱ्या दिवशी घ्या. गोवा हस्तकला महामंडळाच्या ‘अपरांत’ दालनांत चामडे मिळेलच असे नाही, पण नोंदणी असलेल्या कारागिरांची चौकशी तिथून सुरू करता येते. पणजी आणि उत्तर गोव्यातल्या गावांत तरुण मुलामुलींनी काढलेल्या छोट्या कार्यशाळाही आता दिसतात. तिथे मापाप्रमाणे बॅग करून मिळते आणि समोर बसून बघता येते.

एखादी सुट्टी असेल तर कोल्हापूर गाठा. चप्पल लाइन या चपलांच्या बाजारात फिरून झाले की सुभाषनगरात जा, तिथे घराघरांत काम चालते. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. त्याच हातांनी आणि त्याच चामड्याने पर्स, पट्टे, दप्तरेही होतात. चपलेएवढे नाव नसल्यामुळे ती रास्त भावात मिळतात. कर्नाटकच्या बाजूचे काम बघायचे तर चोर्ला घाटाने बेळगाव आपल्याला त्याहून जवळ.

विचारायचे प्रश्न, आणि उत्तरे ऐकायची कशी

‘नीतीने केलेली बॅग’ हे शब्द आता दुकानाच्या पाट्यांवर सर्रास दिसतात. मी चार गोष्टी विचारते. ही कुणी शिवली? त्यांना नगावर पैसे मिळतात की रोजाने? पैसे कधी मिळतात, शिवल्यावर की विकल्यावर? बिघडली तर आणायची कुठे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अनेक ठिकाणी कारागीर चामडे उधारीवर आणतो, बॅग शिवून दुकानात ठेवतो आणि ती विकली गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पैसे घेतो. सगळी जोखीम त्याची. जे दुकान माल घेतानाच पैसे देते किंवा ऑर्डरीबरोबर निम्मे आगाऊ देते, ते अभिमानाने सांगते. जे देत नाही ते विषय बदलते.

शक्य असेल तर कामाची जागा बघा. चामडे जोडायला जे सोल्युशन वापरतात त्यातल्या टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ डोके दुखवते आणि वर्षानुवर्षे घेतली तर शरीराचे नुकसान करते. खिडकी उघडी आहे का, पंखा बाहेर हवा फेकतो का, शाळेच्या वेळी पोरे कामाला बसली आहेत का, एवढे दारातूनच कळते. पाण्यावर आधारलेले डिंकही मिळतात. ते महाग आहेत आणि वाळायला वेळ घेतात, म्हणून जो ते वापरतो त्याची बॅग थोडी महाग असेल.

कागदपत्रांचेही दोन शब्द. केंद्राच्या हस्तकला विभागाचे ‘पहचान’ कार्ड कारागिराला मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकार येतात: ओळखपत्र, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख रुपयांपर्यंत कर्ज. आपल्या ओळखीच्या मोचीमामांना ही योजना माहीत नसेल तर फॉर्म भरून द्यायला मदत करा. मी एकांना केली, तर त्यांच्या मुलाने नवे शिलाई यंत्र घेतले. पण कार्ड नाही म्हणून कारागीर खोटा ठरवू नका. कित्येकांकडे कागदच नसतात.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडे बोलायची टाळतात. ज्या हातांनी पिढ्यान्पिढ्या कातडे कमावले आणि शिवले त्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवले, आणि त्यांच्या कामाचा भावही त्यामुळेच पडलेला राहिला. आज तेच काम ‘डिझायनर’ म्हणून चकचकीत दुकानात विकले जाते तेव्हा शिवणाऱ्याचे नाव टॅगवर असावे अशी अपेक्षा ठेवणे जास्त नाही. मी ते नाव विचारते. दुकानदाराला ठाऊक नसेल तर ‘पुढच्या वेळी विचारून ठेवा’ असे सांगून येते.

किंमत रास्त आहे का, हे कसे ठरवायचे

कागद-पेन घ्या. समजा मध्यम स्लिंग बॅग आहे. वाया जाणारे धरून चार चौरस फूट चामडे, दर दीडशे रुपये, म्हणजे ६००. अस्तर, दोरा, चेन, पितळी कड्या मिळून ४००. कापणे, शिवणे, कडा करणे असे दहा तास. तासाला दीडशे रुपये, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला बाराशे, ही मजुरी कुणाला जास्त वाटू नये. ते झाले १,५००. भाडे, वीज, हत्यारांची झीज ३००. एकूण २,८००. दुकानातून घेतली तर दुकानाचा वाटा धरून चार हजारांच्या आसपास. दर जागेप्रमाणे आणि चामड्याप्रमाणे बदलतील, तुम्ही आपले आकडे घाला.

हीच बॅग कुणी ‘पूर्ण हाताने शिवलेली, अस्सल’ म्हणून नऊशेला देत असेल तर वरच्यातला कुठला आकडा गळला ते बघा. चामडे तर फुकट मिळत नाही. मग राहते मजुरी.

घासाघीस करावी का? व्यापाऱ्याशी करा. स्वतः शिवणाऱ्याशी मी करत नाही. पैसे कमी असतील तर ‘माझ्याकडे अडीच हजार आहेत, त्यात काय बसेल?’ असे विचारते. कारागीर मग अस्तर कमी करतो, एक खिसा काढतो, चामड्याचा दुसरा भाग वापरतो. बॅग साधी होते, पण मजुरी कापली जात नाही.

मापाने शिवून घेताना

जुन्या वर्तमानपत्राची पाने चिकटवून बॅगेच्या आकाराचा कागद घरीच कापा आणि आरशापुढे अंगावर धरून बघा. लांबी-रुंदीचे आकडे ऐकून अंदाज येत नाही, कागद बघून येतो. पट्ट्याची लांबी तुमच्याच खांद्यावरून सुतळीने मोजून द्या. चामड्याचा आणि दोऱ्याचा नमुना फोनवर न बघता हातात घेऊन उन्हात बघा. सालीचे चामडे उन्हाने आणि हाताच्या तेलाने गडद होत जाते, त्यामुळे आज मधासारखा दिसणारा रंग वर्षभराने गुळासारखा होईल. मला तो बदल आवडतो. ज्यांना नको असेल त्यांनी आधीच गडद रंग घ्यावा.

निम्मे पैसे आगाऊ द्या, तारीख लिहून घ्या, आणि दोन आठवडे सैल धरा. ऑर्डर पावसाळ्यात देऊ नका असे मला कारागिरांनीच सांगितले: दमट हवेत डिंक आणि कडेचा रंग लवकर वाळत नाही, आणि घाईत काम बिघडते. दिवाळीनंतर द्या, नाताळच्या गर्दीआधी.

पावसाळा

गोव्यात बॅगेची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला चामडे म्हणजे मेजवानी, आणि आपल्याकडे तो महिनोन् महिने त्याहून वर असतो.

मे संपण्याआधी बॅगा बाहेर काढा. कोरड्या कापडाने पुसा, मेणाचे लेदर-पॉलिश अगदी थोडे, हाताच्या उबेने चोळून लावा आणि सावलीत दिवसभर वाऱ्यावर ठेवा. खोबरेल तेल लावू नका. घरोघरी लावतात, मीही लावत असे. ते चामड्यात खोल जाऊन डाग पाडते, कालांतराने खवट होते आणि चामडे नको तितके मऊ पडते. बॅगेत जुन्या सुती साडीचे बोळे भरा, म्हणजे आकार राहतो आणि ओल शोषली जाते. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नका. सुती पिशवी किंवा जुना पंचा पुरतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्याही ओलावा पिऊन भरतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी सुकवा किंवा बदला.

चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात बॅगा नकोत. ती भिंत पावसाळाभर ओल धरते. आतल्या भिंतीचे, वरचे कप्पे बरे. आमच्याकडे कपाटात विजेचा लहान दिवा लावून ठेवायची जुनी पद्धत आहे. दिवा कपड्यांपासून आणि चामड्यापासून लांब, जाळीत असेल तरच लावा. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे बॅग वापरत राहा. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेवलेल्या बॅगेला बुरशी क्वचित येते.

आलीच तर घाबरू नका. बॅग अंगणात किंवा बाल्कनीत न्या, म्हणजे बीजाणू घरात पसरणार नाहीत. मऊ ब्रशने झाडा. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन, कापड घट्ट पिळून पुसा, पण आधी तळाला एका कोपऱ्यात लावून रंग जातो का ते बघा. सावलीत पूर्ण वाळू द्या. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवले तर चामडे कडक होऊन तडकते. वाळल्यावरच पॉलिश लावा. पावसात भिजलेल्या बॅगेलाही हेच: वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, तासाभराने बदलायचे, आणि धीर धरायचा.

पाऊस ओसरला की शिवणींवरून एकदा बोट फिरवा. कुठे दोरा सैल लागला, कड उघडलेली दिसली, तर तो टाका त्याच आठवड्यात घालून घ्या. एका टाक्याचे काम मामा उभ्याउभ्या करतात. चवथीच्या आधीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. तेव्हा त्यांच्यापुढे चपलांची रांग असते आणि बॅगेला हवा तेवढा वेळ त्यांना देता येत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, बाजार भरायच्या आधी गेलात तर निवांत बसून काम करून देतात, आणि कुठला दोरा वापरला तेही दाखवतात.